ढब्बूचा फोटो मी नीट करणार नाही

४ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायला तरी हातात घ्यावं लागतं. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय, सासूबाईंच्या हाती पडायला नको. बघ, भाऊ किती सांभाळून वागतो.

तुझं काम माझ्याकडे आलं. आईने फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "बाळाचा एक डोळा पांढरा आलाय बघ फोटोत. तेवढा काळा करून दे. मोठा करून भिंतीवर लावायचाय त्यांना. आणि तू केलास म्हणून सांगू नकोस कुठे."

आता मी दुकानात दिवसभर दुसरं काय करतो? लोकांचे मिटलेले डोळे उघडतो. टकलावर केस पेरतो. मेलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नात मागच्या रांगेत उभं करतो. मागच्या आठवड्यात एका जावयाच्या मिशा काढून त्याच्या सासूला लावल्या होत्या. मालकाने प्रिंट मारायच्या आधी बघितलं म्हणून नोकरी शाबूत आहे. तर तुझ्या पोराची बाहुली काळी करणं म्हणजे माझ्यासाठी चुटकीचं काम.

पण मी ते करणार नाही.

तुला वाटेल सरबताचा सूड घेतोय. नाही गं. तुझ्या लग्नात मला काळा चष्मा घालून शेवटच्या खुर्चीत बसवलं, कोणी विचारलं तर 'लहानपणी चेंडू लागला' असं पढवलं, ते सगळं मी गपगुमान केलं. पण दाजींचे ते काका पुन्हा पुन्हा येऊन चेंडू कुठला, कोणी मारला, कसा लागला असं विचारायला लागले, तेव्हा माझा तोल गेला. खोटा डोळा काढला आणि त्यांच्या सरबतात टाकला. ते पिणारच होते. तेव्हापासून तू बोलत नाहीस. ठीक आहे. सरबत वाया गेलं याचं वाईट वाटतं.

फोटोचं ऐक. फ्लॅश मारला की डोळा लाल येतो. असले लाल डोळे मी रोज निस्तरतो. ढब्बूचा (मी त्याला ढब्बू म्हणतो, गाल बघितलेस का) एक डोळा तसाच लाल आहे. दुसरा पांढरा आहे, आतून. माझा दोन वर्षांचा असतानाचा फोटो आईने कपाटात साड्यांखाली दाबून ठेवलाय ना, त्यात आहे तसा.

कधीकधी नुसत्या कोनामुळेही येतं म्हणतात. तसं असेल तर मी चौकात उठाबशा काढीन. पण त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. चष्मेवाल्याकडे नाही. थेंब घालून बाहुली मोठी करून आत बघतात, त्या डॉक्टरकडे. आणि त्यांनी विचारलं, घरात कोणाला काही होतं का, तर म्हण, मामाला होतं. चेंडू नको सांगूस.

तुझा उंडगा

१३ फेब्रुवारी

ताई,

तुझा निरोप आईमार्फत पोचला. "त्याला म्हणावं, माझ्या लेकरावर जळू नकोस."

काय म्हणू? बरं.

आणि फोटो दुसऱ्या दुकानातून करून घेतलास. भिंतीवर लागलासुद्धा. आईने दाखवला. काम बरं केलंय, पण त्या गाढवाने एका डोळ्यातली चमक डावीकडे दिलीय, दुसऱ्यातली उजवीकडे. तुमच्या घरी दोन सूर्य उगवतात काय?

आईने मला दम दिला. "तोंडाला कुलूप लाव. तिच्या सासरी कळलं की हिच्या भावाला तसलं होतं, तर तिचं काय होईल?" तसलं! आपल्या घरात तो शब्द कधी कोणी काढलाय? 'तुझं ते झालं तेव्हा', 'तुझ्या त्याच्या वेळी'. मला बरीच वर्षं वाटायचं, जगात हे फक्त मलाच झालंय, म्हणून त्याला नाव ठेवलेलं नाही.

तुला हे माहीत नाही, पण माझ्यासारखे बरेच आहेत. मी त्यांना भेटतो.

खोट्या डोळ्याला दर वर्षी पॉलिश लागतं. डोळे करणारे काका आहेत, त्यांच्या खोलीबाहेर बाकडं आहे. तिथे बसलो होतो, तर एक बाई आली. शाळेत शिकवते, आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. मला विचारलं, "कुठला?" म्हटलं, डावा. ती माझ्या डावीकडे बसणार होती, ती उठून उजवीकडे येऊन बसली. बस, एवढंच. ताई, आजवर माझ्यासाठी हे कोणी केलं नव्हतं. आईसुद्धा डावीकडून ताट सरकवते आणि मी दचकलो की म्हणते, "भूत बघितलंस काय!"

आता आम्ही रविवारी काकांच्या त्याच खोलीत जमतो. तिथली पद्धत सांगतो. ज्याची जी बाजू गेली, त्याने त्या टोकाला बसायचं, म्हणजे बाकीचे सगळे त्याला दिसतात. अंध बाजूने यायचं झालं तर लांबूनच म्हणायचं, "मी आलो गं तुझ्या डावीकडून." आणि बोलण्यात डोळ्याची म्हण आली, की त्याने सगळ्यांचा चहा करायचा. तुला वाटेल सोपं आहे. बोलून बघ! कानाडोळा केला, डोळ्यात धूळ फेकली, डोळ्यांत तेल घालून बसलो, माझा डोळा लागला. आपल्या भाषेत डोळ्याशिवाय पान हलत नाही. पहिल्या दिवशी मी एकटाच चहा करत होतो.

एक शिंपीणबाई आहेत, त्यांचे दोन्ही गेलेत. त्या म्हणाल्या, "आंधळा मागतो एक डोळा, हे म्हटलं तर किती कप?" तिथे 'कसं झालं' असं कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं कसं झालं.

आमच्यात एक वायरमन होता. होता. लहानपणी डोळ्यातलं निभावलं, पण तसलंच पुढे हाडात आलं. आमच्यातल्या काहींना येतं तसं. त्याने खोलीतली बटणं मुद्दाम उलटी जोडून ठेवलीत, पंख्याचं दाबलं की दिवा लागतो. काकांना कोणी दुरुस्त करू देत नाही.

माझा गुडघा मध्ये दुखला, तर मी आईला सांगितलं नाही. मास्तरीण आली दवाखान्यात. खेळताना मुरगळला होता, एवढंच निघालं. पण रिपोर्ट येईपर्यंत ती माझ्या उजवीकडे बसली होती.

ढब्बूला दाखवलंस का?

तुझा, चेंडू लागलेला

२१ फेब्रुवारी

ताई,

मी ढब्बूचा फोटो रविवारी नेला. तो नीट न केलेला.

काही न सांगता मास्तरणीच्या हातात दिला, म्हटलं हा माझा भाचा. आमच्यातल्या कोणीही लहान मुलाचा फोटो बघितला ना, की आधी डोळे बघतो. गाल नाही, टोपडं नाही. लग्नाच्या अल्बममधली कडेवरची पोरंसुद्धा आम्ही तपासून घेतो. वाईट खोड आहे, पण आहे.

मास्तरणीने बघितला. काकांकडे दिला. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. खोलीत कोणी बोलेना, तेव्हा शिंपीणबाई म्हणाल्या, "मला सांगा की कोणीतरी."

म्हटलं, एक लाल आणि एक पांढरा.

"पांढरा म्हणजे कसा? कागदासारखा, की मांजराच्या डोळ्यासारखा चमकणारा?"

"चमकणारा."

त्यांनी मांडीवरचं शिवण बाजूला ठेवलं. "माझी आई सांगायची," त्या म्हणाल्या, "पोरीचा डोळा अंधारात चमकतो, म्हणून सगळं घर कौतुकाने बघायला यायचं. दिवा मालवून बघायचे मला."

ताई, मस्करी बाजूला ठेवून लिहितोय. डॉक्टर म्हणतात, काही घरांत हे रक्तातून येतं. आपल्यात तसंच असेल तर आईबाबांपैकी कोणाकडून तरी आलं, माझ्यात उगवलं, तुझ्यात गप्प बसलं. तुझ्या पोरात गप्प बसेलच असं नाही. लवकर कळलं तर डोळा वाचतो. उशीर झाला तर डोळा जातो. आणखी उशीर झाला तर पोर जातं.

तू मला काल फोन केलास. किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला! तू म्हणालीस, "तुझ्या दाजींना एक शब्द सांगितलास तर तू मला मेलास." आणि ठेवलास. मी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नव्हतं.

एक विचारू? माझ्या वेळी तू चांगली कळती होतीस. पांढऱ्याचा अर्थ आपल्या घरात तुझ्याइतका कोणाला माहीत होता? तुला पहिल्या दिवशीच कळलंय. म्हणून तर काळा करायला पाठवलास.

मी रागावलेलो नाही. मला भीती वाटते.

भाऊ

१२ मार्च

ताई,

स्पर्धा नव्हती. एव्हाना तुला कळलंच आहे. पण तू ज्याला त्याला सांगतेस की मी एकट्याने फसवलं, ते खरं नाही. एवढं मोठं काम माझ्या एकट्याच्याने होतंय का?

'गोंडस बाळ स्पर्धा' ही अक्कल माझी. तुझ्या सासूबाईंना फोन मास्तरणीने केला. पोरांना रागावायचा आवाज बाजूला ठेवून बक्षीस समारंभातला आवाज लावला. "अभिनंदन! आपल्या नातवाचा पहिला नंबर आलाय!" आम्ही भाग कधी घेतला, असं सासूबाईंनी विचारलंच नाही. नातवाचा पहिला नंबर म्हटल्यावर कुठली आजी विचारते? उलट म्हणाल्या, "येणारच होता." बक्षीस काय, तर झबलं-टोपडं आणि नखशिखांत मोफत तपासणी. झबलं शिंपीणबाईंनी शिवलं, हाताने मोजून मोजून. बक्षीस घ्यायला कुठे यायचं, तर डोळ्यांच्या दवाखान्यात.

डॉक्टरांना आधीच खरं सांगितलं होतं. आम्हा सगळ्यांना तेच तपासतात. ते म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. आणि आईने हो म्हटल्याशिवाय हात लावणार नाही. पण मूल दारात आलं तर तसंच परत जाऊ नये म्हणून जे सांगायचं ते सांगेन." म्हणजे सगळं पुन्हा तुझ्यावरच आलं.

मी औषधांच्या खिडकीआड उभा होतो. तू दवाखान्याची पाटी वाचलीस आणि पायरीवरच थांबलीस. मला वाटलं, आता ही पळते. पण सासूबाई पुढे घुसल्या होत्या. "बक्षीस कुठे मिळतं हो?"

डॉक्टरांनी त्यांना बसवलं. म्हणाले, बक्षीस एवढं झबलंच आहे, पण मला बाळाच्या डोळ्यात थेंब घालून बघू द्या. मग तुला विचारलं, "घरात कोणाला लहानपणी डोळ्याचं काही?"

तू म्हणालीस, "नाही. कोणालाच नाही."

मी बाहेर आलो. म्हटलं, "मला."

डॉक्टरांनी तुझ्याकडे बघितलं. तू ढब्बूला छातीशी घट्ट धरलंस आणि म्हणालीस, "हा कोण, मला माहीत नाही."

ताई, तुला वाटतं ते लागलं मला? लागलं. पण त्याच्यापुढचं ऐकून मला हसू फुटलं, तेही खरं. सासूबाई डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होत्या आणि एकदम ओरडल्या, "अगं हा तर सरबतवाला! आमच्या भाऊजींच्या पेल्यात डोळा टाकणारा! तुझा भाऊ ना हा?"

सगळा दवाखाना वळून बघायला लागला. त्यातले अर्धे आमचेच.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "याला तर चेंडू लागला होता ना?"

मी म्हटलं, "चेंडू नव्हता, काकू. गाठ होती. कॅन्सरची. ढब्बूच्या फोटोतल्या डोळ्यासारखाच पांढरा होता माझा डोळा."

तू खाली बघत होतीस. सासूबाईंनी तुला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं तुझ्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सोड त्याला. घालू दे थेंब." तू सोडत नव्हतीस. त्यांनी एकेक बोट सोडवलं तुझं. आणि मग तूच म्हणालीस, "घाला."

पुढचं तुला माहीत आहे. एक डोळा पूर्ण भरलेला, काढायचाच. दुसऱ्यात कडेला बारीक डाग, तो लेसरने धरता येईल म्हणाले. थोडं आधी आला असता तर, असं डॉक्टर म्हणायला लागले आणि तुझ्याकडे बघून गप्प झाले.

दाजी धावत आले. मी तयारीत होतो, दोन थोबाडीत खायच्या. ते तसेच बाहेर जाऊन भिंतीला कपाळ लावून उभे राहिले.

तू मला म्हणालीस, "तुझ्यामुळे झालं." एवढं एकच वाक्य. त्याचं उत्तर देतो. माझ्यामुळे नाही, तुझ्यामुळेही नाही. रक्तात कोण काय ठेवून जातं, ते विचारून थोडीच ठेवतं?

ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही खाली बाकड्यावर होतो. तू वर होतीस, तुला दिसलो नसू. काका म्हणाले, जखम भरली की मी त्याचा डोळा बनवीन, दुसऱ्या डोळ्याशी रंग असा जुळवीन की तुझ्या त्या फोटोवाल्याला लाज वाटेल.

आई मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. काल मात्र ताट उजवीकडून सरकवलं.

भाऊ

६ एप्रिल

ताई,

रिपोर्टचं दाजींकडून कळलं. डोळ्यामागच्या नसेत शिरलंय, म्हणजे सलाईनचं औषध सुरू. दाजी फोनवर "म्हणजे आता काय, म्हणजे आता काय" एवढंच म्हणत होते. मला काय माहीत, दाजी? मी मिशा चिकटवणारा माणूस.

आणि आज तुझी चिठ्ठी आली. वर 'प्रिय' नाही, खाली नाव नाही. एवढंच, 'सलाईन चालू असताना तुला कशाने बरं वाटायचं?'

दुपारपासून विचार करतोय. पाच वर्षांचा होईपर्यंत माझं आत-बाहेर चालू होतं, त्यामुळे शेवटचं थोडं आठवतं. तुला गोड लागेल असं लिहू शकतो, पण तू खरं विचारलंयस.

तर खरं म्हणजे, कशानेच नाही. तोंडाला किल्ली चघळल्यासारखी चव यायची. बाबांनी चावीची बस आणली, मी तिच्यावर ओकलो. आई गोष्ट सांगायची, मी तिचे केस ओढायचो, कारण माझे गेले होते. ढब्बूही तुझे ओढेल. ओढू दे. नर्सला बघूनच तो रडायला लागेल, मग हळूहळू तिच्या बुटांच्या आवाजाने रडेल. एक दिवस रडणारच नाही, नुसता हात पुढे करेल. त्या दिवशी तू बाहेर जाऊन रड.

तो जगेल का, ते मला माहीत नाही. मी जगलो, मास्तरीण जगली, शिंपीणबाई जगल्या. वायरमन एवढं निभावून पुढे गेला. आमच्या खोलीत याच्यावर कोणी खोटं बोलत नाही, म्हणून तुझ्याशीही बोलत नाही.

पण ताई, 'कशानेच नाही' हे अर्धंच झालं. एक गोष्ट होती.

लहान मुलांना भेटायला वॉर्डात सोडत नव्हते. तू खाली रस्त्यापलीकडे उभी राहायचीस, आठवतं? मावशी तुला घेऊन यायची. आई मला खिडकीशी धरायची. आणि तू सुरू व्हायचीस. पोट पुढे काढून मोठ्या डॉक्टरांसारखी चालायचीस. बाबांसारखी शिंकायचीस, पूर्ण गोल फिरून. आई नर्सशी कशी भांडते ते करायचीस, दोन्ही भूमिका तूच. एकदा ऐटीत चालत येऊन दिव्याच्या खांबाला धडकलीस आणि आडवी पडलीस. रस्त्यावरची माणसं धावली, कोणी पाणी आणलं, आणि तू एकदम उठून त्यांना सलाम ठोकलास. मावशीने तुझा कान पिळला, तेही आम्हाला दिसलं.

काचेतून आवाज येत नव्हता. नुसतं दिसायचं. माझ्या उरलेल्या डोळ्याला पुरायचं. वॉर्डातली सगळी पोरं, सलाईनच्या दांड्यांसकट, त्या एका खिडकीला चिकटायची. "याची बहीण आली! याची बहीण आली!" मला आयुष्यात तेवढा भाव पुन्हा कोणी दिलेला नाही.

लोक आईला विचारतात, हा एवढा वात्रट कोणावर गेलाय? आई म्हणते, कोणास ठाऊक. मला ठाऊक आहे, पण सासरी तुझी अब्रू जायला नको म्हणून सांगत नाही.

आता तुला वॉर्ड सोडून खाली येता येणार नाही. म्हणून या रविवारी आम्ही येतोय. वर एवढ्यांना सोडत नाहीत, विचारून झालं. रस्त्यावर उभे राहू. मास्तरीण म्हणते, मला नाचबिच येत नाही. म्हटलं, तेच हवंय. काकांना मोठा डॉक्टर करणार आहे, पोट त्यांचं त्यांच्याकडे आहेच. खांबाला मी धडकेन, डाव्या बाजूने, म्हणजे नाटक करावं लागणार नाही.

ढब्बूच्या उरलेल्या डोळ्याला लांबचं किती दिसतं, ते डॉक्टरांना विचारून ठेव. कमी दिसत असेल तर आम्ही मोठे हातवारे करू. आणि खिडकी कुठली, ते लगेच कळव. शिंपीणबाई सारख्या विचारतायत, तोंड कुठल्या बाजूला करून उभं राहायचं.

भाऊ